टिटव्यांच्या काठ्या

आमचे हे म्हणजे हट्टाचं दुसरं नाव. मी बत्तीस वर्षं डोकं आपटतेय, तेव्हा सांगण्याचा अधिकार माझाच.

आमचं खालचं शेत नदीला लागून. थंडी सरली, बटाट्यासाठी नांगरट झाली, की तिथे टिटव्या उतरायच्या आणि उघड्या मातीत अंडी घालायच्या. घरटं कसलं, टाचेएवढा खळगा. आमचं लग्न झालं त्या वर्षी यांच्या कुळवाखाली असा एक खळगा गेला. मादी दिवसभर औताभोवती ओरडत फिरली. हे रात्री जेवले नाहीत. मला वाटलं, भाजीत मीठ जास्त झालं.

पुढच्या वर्षापासून हे काठ्या लावायला लागले. सकाळी घरटी हुडकायची, प्रत्येकाशेजारी काठी रोवायची, टोकाला पांढरी चिंधी बांधायची, म्हणजे औत वळसा घालून जातं. माझ्या सगळ्या जुन्या चादरी त्यात गेल्या. पहिल्या वर्षी अकरा काठ्या लागल्या. स्वतःची मुलगी कितवीत आहे हे यांना सांगता यायचं नाही, पण टिटव्यांची घरं तोंडपाठ.

मग अकराच्या आठ झाल्या, आठाच्या पाच. पावसाळ्यात नदी बांधाला लागायची, पाणी ओसरलं की बटाटे निघायचे, हिवाळ्यात धुक्यात शेत दिसेनासं व्हायचं; यांच्या डोक्यात मात्र बारा महिने एकच घोर, की टिटव्या संपल्या तर? शेजाऱ्याच्या कुत्र्यावर यांचा संशय. त्यावरून असे भांडले, की सहा वर्षं दोन्ही घरांत बोलणं नाही.

गेल्या वर्षी तीनच काठ्या होत्या. सकाळी चहा घेऊन मी बांधावर गेले, तर हे हाताने मला थांबवतायत. नदीकडून कोल्हा आला होता. इकडेतिकडे हुंगणं नाही, शोधणं नाही. पोस्टमन दारोदार जातो तसा सरळ पहिल्या काठीपाशी गेला, मान खाली घातली. मग दुसरी. मग तिसरी. टिटव्या डोक्यावर ओरडत होत्या, आणि हे दगड उचलायचंसुद्धा विसरले.

"इतकी वर्षं मीच कोल्ह्यांना पत्ता देत होतो गं," हे म्हणाले.

मी म्हटलं, तुम्हाला कुठे माहीत होतं. तर माझ्यावरच खेकसले, की माहीत करून घ्यायला नको होतं का? त्याच दिवशी काठ्या उपटल्या, शेजाऱ्याकडे जाऊन माफी मागितली. तो बिचारा उलट यांचीच समजूत घालत बसला.

यंदा यांनी खालच्या शेतात औतच घालू दिलं नाही. पाखरांना निवांत राहू दे म्हणे. मी आकाशपाताळ एक केलं, पण ऐकतील ते हे कसले! शेतात गुडघाभर गवत माजलं. एकच जोडी आली. दोन दिवस शेतावर घिरट्या घालत राहिली. त्यांना हवी उघडी माती, गवतात त्या उतरतील कशाला? तिसऱ्या दिवशी टेकडीपलीकडे गेली, ती गेलीच.

हे बांधावर बसून होते. मी जवळ गेले, तशी वर न बघता म्हणाले, "काय करू, हे नाही विचारत. काय करायचं नाही, तेवढं तरी सांग."

बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच यांनी माझा सल्ला मागितला, आणि मी बांधावर यांच्या शेजारी बसले.