व्हिसाचा फोटो

चिकपेटेतला तो फोटोवाला गिऱ्हाइकाचं नाव विचारत नाही, देश विचारतो. मग मराठीत कानडी मिसळून म्हणतो, "अक्का, स्वल्प मान वर. हसू नका."

मुलाकडे राहायला जायचं, म्हणून मी व्हिसाचा फोटो काढायला गेले.

"कॅनडा? कायमचं?" त्याने विचारलं.

मला पटकन हो म्हणता येईना. पदरच सारखा करत बसले.

दुसऱ्या दिवशी फोटो न्यायला गेले, तर म्हणाला, "डोळे मिटलेत तुमचे. परत काढू."

असं तीनदा झालं. काल तो फोनवर बोलत बाहेर गेला, तेव्हा मी त्याच्या कॉम्प्युटरवर पाहिलं. तिन्ही फोटोंत माझे डोळे टक्क उघडे होते.

तो आत आला. "परत मिटलेत, अक्का."

"सरी," मी त्याच्याच कानडीत बरं म्हटलं आणि पुन्हा स्टुलावर बसून मान वर केली.