मधली पट्टी

अभिमन्यूला एकेक काम करायचा पहिल्यापासून कंटाळा. शर्ट शिवायचे तर वर्षभराचे सगळे एकाच ताग्यातून. मग हा माणूस कपडेच बदलत नाही असं लोकांना वाटलं तरी त्याला फिकीर नाही. दोन बहिणींची लग्नं त्यानं एकाच मांडवात उरकली, कारण दोनदा आचारी शोधायला नको. धारूरला किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचा फोटो स्टुडिओ आहे आणि त्याला लागून माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान. माझं काम असं, की एक चाक हातात असलं की दुसऱ्याकडे बघायचं नाही. त्यामुळे आमचं पटायचं नाही, आणि शेजार बदलता येत नसल्यामुळे पटवून घ्यावं लागायचं.

मोबाइल आले आणि त्याचा धंदा बसला. मग त्याला नवा धंदा सापडला. तो फोटो काढण्याचा नव्हे, फोटो आटवण्याचा. हल्ली सगळं वेबसाइटवर भरावं लागतं आणि वेबसाइटला जड फोटो चालत नाही. मोबाइलमधला फोटो तसाच चढवायला जावं तर पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहतं. बाकीचे दुकानदार एकेक फोटो उघडून तो लहान करत बसायचे. अभिमन्यूनं संगणकात सोय शोधून काढली. दोनशे फोटो एकदम निवडायचे, माप आणि वजन एकदाच सांगायचं, बटण दाबायचं आणि चहाला जायचं. परत येईपर्यंत सगळे फोटो लहान आणि हलके झालेले असायचे. एकदा एका म्हातारीनं त्याला विचारलं, "बाबा, फोटू बारीक केला तर मी बी बारीक दिसंन का?"

"न्हाई आजी," तो म्हणाला, "तुमी हाय तशाच राहता."

यावर त्याचा खरोखर विश्वास होता.

दिवाळी झाली की आमच्या भागातली कितीतरी घरं ऊसतोडीला जातात. तोडीला नवरा-बायकोची जोडी धरतात. त्या जोडीला एक कोयता म्हणतात. मागं राहणाऱ्या पोरांसाठी एका संस्थेनं इथं वसतिगृह काढलं आहे. तिथं पोर ठेवायचं तर वेबसाइटवर आईचा आणि बापाचा वेगवेगळा फोटो लागतो. यंदा मुकादम आश्रुबा अख्खी टोळी घेऊन स्टुडिओत आला. अभिमन्यूनं आपल्या सवयीप्रमाणे प्रत्येक जोडीचा मिळून एकच फोटो काढला, डावीकडे नवरा आणि उजवीकडे बायको. आता मुकादमासमोर आणि थोरल्या दिरांसमोर कुठली बाई नवऱ्याला खेटून उभी राहते? दर जोडीत आपोआप एक माणूस मावेल एवढी जागा सुटत होती.

ती जागा बघून याचं डोकं चाललं. डावीकडचा तुकडा बापाचा, उजवीकडचा आईचा, मधली पट्टी फेकून द्यायची, असं त्यानं संगणकाला सांगितलं. वर जागा अडते म्हणून जोड्यांचे मूळ फोटो काढून टाकले आणि कॅमेऱ्याचं कार्डही पुसलं. मी दारात उभा होतो. म्हटलं, आधी एकदा बघून तरी घे.

"सगळे सारखेच हायत, काय बघायचं?" असं म्हणून तो चहाला गेला.

सगळे सारखे नव्हते. टोळीत मंगल होती. तिचा नवरा मागच्या साली वारला. आता ती दिराच्या सोबतीनं, पण जोडीशिवाय निघाली होती. एकट्या माणसाला तोडीत अर्धा कोयता म्हणतात. घराला कुलूप लावून लेकीला, दीपमालाला, ती वसतिगृहात ठेवणार होती. एकटं माणूस मधोमध बरं दिसतं असं म्हणून अभिमन्यूनंच तिला पडद्याच्या बरोबर मध्ये उभं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी गेली. त्यानंतर वसतिगृह सांभाळणाऱ्या विजयमालाबाईंचा फोन आला. वेबसाइटवर दीपमालाच्या नावासमोर आई-बापाच्या फोटोंच्या दोन चौकटी होत्या. एकीत एक कान आणि खांद्यावरचा पदर, दुसरीत दुसरा कान. चेहरा कुठेच नव्हता. संध्याकाळपर्यंत आईचा नीट फोटो आला नाही तर जागा पुढच्या पोराला जाणार होती. पोरगी पिशवी घेऊन व्हरांड्यात बसली होती आणि तिला परत न्यायला घरी कुणी नव्हतं. तिची रवानगी आईमागं उसाच्या फडातच झाली असती, आणि शाळा सुटली असती.

अभिमन्यूनं दोन्ही तुकडे जोडून बघितले. कानाला कान लागला. मला असा संताप आला, की तो संगणक उचलून रस्त्यावर टाकावा.

"एकच बाई एकटी होती. तिच्याकडं बघायला किती वेळ लागला असता बे तुला?"

 

त्यानं आश्रुबाला फोन लावला. टोळीत फोटो धाडता येईल असा मोबाइल कुणाकडंच नव्हता. "पालीच्या तलावापशी हावोत," आश्रुबा म्हणाला. "ट्रॉलीचं टायर बसलंय. ते झालं की निघतो. लई वाट बघायचो न्हाई, सांगून ठेवतो." आम्ही दोन्ही दुकानं बंद केली आणि मोटरसायकलवर बसलो. मला जायचं कारण नव्हतं. पण हा वाटेत आणखी काहीतरी घोळ घालील याची मला खात्री होती.

पोचलो तेव्हा टायर बदलून झालं होतं आणि ट्रॅक्टर सुरू होता. आम्हाला बघून मंगल ट्रॉलीवरून खाली उतरली.

"पोरीला काय झालं?"

पोरीला काही झालेलं नाही, फोटो बिघडला आहे, असं अभिमन्यूनं सांगितलं. तेवढ्यावर भागलं असतं. पण त्यानं मोबाइल काढून तिला त्या दोन चौकटी दाखवल्या. हे मात्र मी त्याच्या बाजूनं लिहून ठेवतो.

"ह्यो माझा कान," ती म्हणाली. "आन् तोंड कुटं गेलं?"

त्यानं खरं ते सांगितलं. जोडीत मधी कुणी नसतं, म्हणून तेवढी पट्टी फेकायला सांगितली होती, आणि ताई, तुमी नेमक्या तिथं होतात. तिनं ऐकून घेतलं. रागावली नाही, रडलीही नाही. ती रागावली असती तर आम्हाला सोपं गेलं असतं.

पुढचं आधीच सांगून टाकतो. फोटो तिथून मोबाइलवरूनच गेला, विजयमालाबाईंनी तो घेतला आणि दीपमालाची जागा राहिली. अभिमन्यू अजूनही दोनशे फोटो एकदमच आटवतो. फक्त नंतर एकेक उघडून बघत बसतो आणि चहा माझ्या दुकानात मागवतो. त्यावरून मी त्याला बोलतोच. पण पालीला फोटो काढायच्या आधी जे झालं, त्यावरून त्याला बोलायची माझी हिंमत होत नाही.

पाठीमागं पांढरं हवं म्हणून आश्रुबानं आपलं धुतलेलं धोतर दिलं. टोळीतल्या दोघांनी ते ट्रॉलीला लावून ताणून धरलं. मंगल येऊन धोतराच्या उजव्या कडेला उभी राहिली. जोडीत बाई जिथं उभी राहते तिथं.

"ताई, मधी या," अभिमन्यू म्हणाला. "अशा मधोमध."

ती जागची हलली नाही.

"मदी न्हाई यायची, भाऊ. मदल्याला तुमी फेकून देता."

आता काही कापायचं नाही, तुमचा एकटीचाच फोटो आहे, असं त्याला सांगता आलं असतं. त्यानं नुसता मोबाइल वर धरला आणि ती उभी होती तिथंच तिचा फोटो काढला.