दादाच्या वतीनं

माझा थोरला भाऊ फुटबॉल खेळायचा आणि त्याच्या वतीनं इंग्रजीत बोलायचं काम माझ्याकडे होतं. पाणी कुणी भरायचं, गुरांकडे कुणी बघायचं ही कामं घरात जशी आपोआप वाटली जातात, तसंच हे वाटलं गेलं. मला मुळात बोलायचाच कंटाळा. पाहुणे आले की मी आतल्या खोलीत जायचे. फोन वाजला तर दुसरं कुणी उचलेल म्हणून वाट बघायचे.

आमचं गाव धसईच्या पुढे, आतल्या बाजूला. तिथली मुलं कबड्डी खेळायची, नंतर क्रिकेट. दादा मुरबाडला वसतिगृहात राहून शिकत होता, तिथे बदलून आलेल्या खेळाच्या सरांनी स्वतःचा फुटबॉल सोबत आणला होता. दादा लांब ढांगांचा आणि हट्टी. सरांनी त्याला सगळ्यांच्या पुढे उभं केलं आणि तो शेवटपर्यंत पुढेच राहिला. बारावीनंतर सरांनीच त्याला मुंबईला एका कंपनीच्या संघात नेऊन सोडलं. सकाळी सराव, दुपारी कंपनीत टेबलाशी बसून राहायचं. गावात सांगताना बाबा फक्त टेबलाचं सांगायचे.

पहिल्या सुट्टीला घरी आला तेव्हा तो बाबांना म्हणाला, "हिला इंग्लिश मीडियमला टाका."

"कशापायी?"

"तिथं समदी इंग्लिशमधी बोलतात. मी नुसती मान हालवतो. घरात एकाला तरी यायला पायजे."

माझ्या शिक्षणाचं कारण इतकंच. मला शहापूरला मावशीकडे ठेवलं आणि तिथल्या इंग्रजी शाळेत घातलं. शाळेत मराठी बोलल्यावर दंड व्हायचा, म्हणून मी कुठलीच भाषा फारशी बोलत नसे. वर्गात मी शांत मुलगी म्हणून ओळखली जायचे. सुट्टीत गावी आले की आई म्हणायची, "इंग्लिश शिकली आन् तोंड हरवून आली."

दहा-अकरा वर्षांची असताना मला पहिला फोन करावा लागला. कलकत्त्याच्या एका मोठ्या क्लबनं दादाला बोलावलं होतं. तो शहापूरला आला, मला बाजारातल्या पीसीओत घेऊन गेला, नंबर फिरवला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. पलीकडच्या माणसाला आपण एका लहान मुलीशी बोलतोय हे कळायला थोडा वेळ लागला. त्यानं विचारलं, घरात मोठं कुणी नाही का? मी दादाला विचारलं. दादा म्हणाला, "सांग, मोठा मीच हाय." त्यांचं जे ठरायचं ते माझ्या तोंडून ठरलं. बाहेर आल्यावर दादानं मला सोडा पाजला आणि विचारलं, "त्यो शेवटी हासला का?" मी म्हटलं, हसला. मग त्याला बरं वाटलं.

कलकत्त्याला तो चार-पाच मोसम खेळला. तिथे लोक फुटबॉलसाठी भांडतात, जेवण सोडतात, असं तो सांगायचा आणि आमच्याकडे ते कुणाला खरं वाटत नसे. एस.टी.त कंडक्टरपासून सगळे एकच विचारायचे, "गोल मारला का?" नाही म्हटलं की, "मग काय केलास तिथं?" तो कधी समजावत बसला नाही. मला एकदा म्हणाला होता, "मला मारायला एक मानूस नेमलेला असतो. दर मॅचला येगळा. त्याचं तेवढंच काम." पोटरीवरच्या आणि मांडीवरच्या खुणा मी बघितल्या होत्या, पण मला वाटायचं त्या पडल्यामुळे असतील.

तो देशाकडूनही खेळला. थोड्याच मॅचेस, बहुतेक वेळा शेवटची पंधरा-वीस मिनिटं, आखाती देशांतल्या उन्हात. पहिला सामना टीव्हीवर नव्हता. दुसऱ्या दिवशी मावशीच्या नवऱ्यानं स्टेशनवरून इंग्रजी पेपर आणला, त्यात सगळ्यात बारीक अक्षरांत त्याचं आडनाव होतं, तेही चुकीचं. तरी मुरबाडच्या स्टँडवर त्याच्या अभिनंदनाचा मोठा बोर्ड लागला. रंगवणाऱ्याला फुटबॉलचं चित्र जमलं नसावं, त्यानं दादाच्या फोटोमागे बॅट आणि तीन स्टंप काढले होते. दादा त्या बोर्डाखाली बसची वाट बघत उभा राहिला तेव्हा त्याला कुणी ओळखलं नाही. घरी येऊन म्हणाला, "बरा काढलाय. बॅटिंग शिकायला लागेल आता."

परदेशातल्या त्या मॅचबद्दल मी खूप विचारलं. तो एवढंच म्हणाला, "दोन येळा बॉल आला. एकदा मागं दिला, एकदा गेला."

गुडघ्याच्या दुखण्याचं आम्हाला घरात आधी कळलं, क्लबला नंतर. क्लबच्या हॉस्टेलवर खुर्ची-टेबलावर जेवण, पलंग, कमोड. तिथे माणूस काहीही लपवू शकतो. आमच्या घरात सगळं जमिनीवर. दिवाळीला आला तेव्हा ताट समोर आल्यावर त्यानं मांडी घातली नाही. उजवा पाय लांब सोडून भिंतीला टेकला. आईनं बघितलं आणि ताट पुढे सरकवलं. दुसऱ्या दिवशी तो ओटीच्या पायरीवर बसून जेवला. म्हणाला, हवा चांगली आहे. थंडीचे दिवस होते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात शहापूरला मावशीकडे फोन आला. मी दहावीची परीक्षा देऊन बसले होते. पलीकडचा माणूस सभ्यपणे बोलला. क्लबनं तुमच्या भावाला रिलीज केलं आहे, सामान घेऊन जायला सांगितलं आहे, त्याच्या पुढच्या वाटचालीला शुभेच्छा. मी थँक यू म्हटलं. शाळेनं तेवढं नीट शिकवलं होतं.

संध्याकाळी बाबा शहापूरच्या बाजाराला आले होते, जाताना मला सुट्टीसाठी गावी नेणार होते. मला 'काढलं' म्हणायचं होतं, पण बाबांच्या समोर तो शब्द तोंडातून निघेना. मी म्हटलं, "क्लबनं दादाला रिलीज केलं."

बाबांनी रिलीज हा शब्द पिक्चरच्या पोस्टरवर वाचलेला. ते खूश झाले. परतीच्या गाडीत त्यांनी ओळखीच्या सगळ्यांना सांगितलं. मी खिडकीशी बसून ऐकत होते. टोकावड्याचे एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, "रिलीज झाला? कंच्या टॉकीजला लागलाय मग?" गाडी हसली, बाबाही हसले. कुणीतरी पेढ्यांचं विचारलं. मला सांगायचं होतं, पण इतक्या लोकांत मी कधीच बोललेली नव्हते.

दोन दिवसांनी दादा आला. एरवी एक बॅग घेऊन यायचा. या वेळी रिक्षातून गादीची गुंडाळी, बादली, बुटांची पोती आणि भिंतीवरचा आरसासुद्धा उतरला. बाबा अंगणात उभे होते. त्यांनी आरसा हातात घेतला, पाठ फिरवली आणि आत नेऊन ठेवला. पेढ्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

ते वर्ष दादा घरीच होता. सकाळी पाय शेकायचा, शेताच्या बांधावरून हळूहळू धावायचा, परत यायचा, पुन्हा शेकायचा. भाताच्या आवणीला त्याला वाकता येईना. तो बांधावर उभा राहून रोपांच्या मुठी फेकायचा आणि बायका चेष्टा करायच्या, "इंडियाचा प्लेयर हाय, नेम चुकत नाय." तो हसायचा. त्याचं हसू मी बघत असे. ते यायला जरा उशीर लागायचा.

बाबांचं म्हणणं एकच, "आजून तिशी नाय झाली. कोन पन घेईल." दादाही तेच म्हणायचा. रोज म्हणायचा.

मग गोव्याच्या एका क्लबचा निरोप आला, की रविवारी दुपारी फोन करू. तोवर आमच्या गावच्या घरीही फोन बसला होता. मी अकरावीत होते, मुद्दाम गावी आले. जेवण झाल्यावर सगळे ओटीवर बसलो. आई सुपात वाल निवडत होती. बाबा धुतलेला सदरा घालून उभेच होते. दादानं मला सकाळपासून तीनदा पढवलं होतं, "गुडघा एकदम ओके हाय म्हनायचं. रोज धावतो म्हनायचं. बाकी काय इचारलं तर मला इचार."

फोन आला. आवाज वयस्कर माणसाचा, सावकाश बोलणारा. सराव कधीपासून, पुढच्या आठवड्यात येता येईल का, डॉक्टरांचे कागद आहेत का. मी सांगत गेले. गुडघ्याचं तो विचारणार म्हणून मी वाक्य तयार ठेवलं होतं. त्यानं विचारलं, "आणि त्याला स्वतःला कसं वाटतंय?"

हा प्रश्न आजवर कुणीच विचारला नव्हता. मी फोनवर हात ठेवला.

"काय इचारतोय?" दादा म्हणाला.

"कसं वाटतंय म्हणून."

"कोनाला? गुडघ्याला?"

"तुला."

दादा अंगणाकडे बघत राहिला. आईचं सूप थांबलं. मग तो म्हणाला, "थकलो गो."

"आं?" बाबा म्हणाले. "तसा नको सांगू. बरा हाय सांग."

"थकलो सांग त्यास्नी."

आमच्याकडे दमलो म्हटलं तर माणूस पाणी पितो, टेकतो, पुन्हा उठतो. थकला हे म्हाताऱ्यांबद्दल म्हणतात. अमक्याची आई थकली आता, म्हणजे ती यापुढे शेतावर येणार नाही, आणि ये असं कुणी म्हणतही नाही. मला इंग्रजीत दोन्हींसाठी एकच शब्द येत होता. तो मी सांगितला. पलीकडचा माणूस समजुतीनं म्हणाला, हरकत नाही, पंधरा दिवस विश्रांती घेऊ दे, मग बोलू.

हे मी दादाला मराठीत सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो बरं म्हणाला असता. त्याला बरं म्हणायची सवय होती. मी पुन्हा फोनवर हात ठेवला आणि विचारलं, "दादा, म्हणजे नाही म्हणू?"

त्यानं बाबांकडे बघितलं नाही. "हां," म्हणाला. "नाय सांग."

मी सांगितलं की तो येणार नाही. आता कधीच खेळणार नाही. त्याला पंधरा दिवस नको आहेत. वाक्यं माझी होती, सरळ. त्या माणसानं विचारलं, "आपण कोण बोलताय?"

"त्याची बहीण," मी म्हटलं. त्यानं आभार मानले आणि फोन ठेवला.

बाबा अंगणात उतरून गोठ्याकडे गेले. आई पुन्हा वाल निवडायला लागली. बऱ्याच वेळानं ती दादाला म्हणाली, "आत जाऊन आडवा हो जरा." तो गेला.

बाबा दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला शहापूरची गाडी धरायची होती आणि त्यांना भात गिरणीत टाकायचं होतं, म्हणून आम्ही धसईपर्यंत बरोबर आलो. गिरणीवाल्यानं पोतं उतरवून घेताना विचारलं, "काय, पोरगा गोव्याला कधी निघतोय?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, मलाच सांगायला लावणार.

"नाय जायाचा," बाबा म्हणाले. "थकला तो."

गिरणीवाल्यानं पुढे काही न विचारता पोत्याचं दुसरं टोक धरलं आणि दोघांनी मिळून ते आत नेलं.