शिवम्माच्या न्हाणीतले गोळीकिडे

शिवम्मा किडे पाळते आणि तेच तिच्या भाकरीच्या पिठात फिरतात, असं गेल्या पावसाळ्यात आमच्या उत्तरेश्वर पेठेत जो तो सांगत होता. ते खोटं होतं. किडे होते, पण पाळलेले नव्हते. रोज सकाळी ती न्हाणीच्या भिंतीलगत मुद्दाम पसरलेलं ओलं पोतं उचलायची, खाली जमलेले करडे किडे करवंटीत झाडून घ्यायची आणि परड्यातल्या शेणाच्या ढिगावर सोडून यायची. बोट लावलं की ते मिरीएवढी गोळी होऊन पडायचे. बाई किडे मारत नाही, नेऊन ठेवते, एवढंच लोकांनी पाहिलं.

उरलेलं मी भरलं. गल्लीतल्या सगळ्यांचे आवाज मला काढता येतात. शिवम्मा नेसरीकडची, घरात कन्नड बोलणारी. तिचा तर फारच सोपा. कट्ट्यावर करवंटी धरून मी म्हणायचो, “बर्री बर्री, या या, पिठात बसा हं, चा टाकतो.” पोरं लोळायची. आठ दिवसांत त्या नकलेची बातमी झाली.

तिचा नवरा चन्नाप्पा शिरोलीच्या फौंड्रीत होता. ब्याण्णव साली तापानं गेला. तेव्हापासून पहाटे पाचला आमच्या भिंतीपलीकडे भाकरी थापल्याचा आवाज सुरू होतो. बातमी पसरली तशी पेठेतली घरं एकेक करून तिच्याकडून भाकरी विकत न्यायची थांबली. राहिली फक्त आकारामची खानावळ.

एका रविवारी आकारामही येऊन तिच्या उंबऱ्यात उभा राहिला; मी शेजारी कट्ट्यावरच होतो. “शिवम्मा, उद्यापास्नं नगं. गिऱ्हाईक ताट बघून उठाय लागलंय.”

तिनं पिठाचे हात पदराला पुसले. मग म्हणाली, “आकारामभाऊ, माझ्या भाकरीत घावला किडा?”

“घावला न्हाय. पर लोकं म्हणत्यात की.”

“लोकं नव्हं. ह्यो म्हणतोय.” तिनं माझ्याकडं बोट केलं. आवाज चढला नव्हता.

मी तरीही ताठच. “किडा काय सांगून येतोय, मावशी? आज न्हाणीत, उद्या पिठात.”

“न्हाय जात, तम्मा. पिठातला किडा येगळा, त्यो कोरड्यात जगतोय. ह्याला वल लागती. वल न्हाय मिळाली तर मरतंय ते.”

“जाणारच. लावा पैज.”

“हरलास तर महिनाभर आकारामभाऊंकडं टोपलं तू न्यायचं. डोक्यावर, सगळ्यांच्या देखत.”

“आणि तुम्ही हरला तर?”

“मग न्यायला टोपलंच उरत न्हाय की.”

तिनं परातीत अर्ध्या बाजूला कोरडं पीठ पसरलं, अर्ध्या बाजूला ओल्या पोत्याचा तुकडा. न्हाणीतल्या पोत्याखालचे वीस किडे मोजून पिठातच सोडले आणि वर टोपलं पालथं घातलं. आकारामला चहा दिला, स्वतः घेतला नाही. भाजून काळी पडलेली बोटं गुडघ्यावर ठेवून ती परातीसमोर बसून राहिली.

अर्ध्या तासानं टोपलं उचललं. पिठावर बारीक रेघाच रेघा, किडा एकही नाही. आकारामनं पोत्याचा तुकडा उलटा करून दोनदा मोजलं. वीस. ते पीठ तिनं गाईला घातलं.

मग तिनं आम्हाला न्हाणीत नेलं. मोरीला चीर पडली होती, पाणी भिंतीत मुरत होतं, आणि त्याच भिंतीला सरपण टेकलेलं. आकारामनं दुपारी घमेलंभर सिमेंट आणून चीर बुजवली. सरपण मी हलवलं. भिंतीपासून हातभर लांब, विटांवर. पंधरा दिवसांनी पोत्याखाली तीन-चारच किडे निघायला लागले.

त्या रविवारी निघताना आकाराम एवढंच म्हणाला होता, “उद्याचं टोपलं येळंवर यू दे.”

सोमवारी ते मी डोक्यावर घेतलं. भाकऱ्यांची ऊब चुंबळीतून टाळूला लागत होती. वाटेत अंबूबाईनं विचारलं, “काय रं, हे कशापायी?”

“पैज हरलो,” म्हटलं, आणि काय पैज होती तेही सगळं सांगितलं. तिच्या घरीही आधी शिवम्माचीच भाकरी जायची.