बारा छिद्रे आणि सायकलचा पंप

सहा वर्षे मी ज्या पुलाला घाबरत होतो, तो पूल भक्कम आहे.

ज्यांच्यामुळे तो भक्कम आहे, ते वामनभाऊ आज सकाळी गेले.

सावली गावाजवळच्या नाल्यावरचा जुना पूल आम्ही रुंद केला होता. मी इंजिनिअर, भाऊ ड्रिल चालवणारे. जुन्या काँक्रीटमध्ये छिद्र पाडायचे, त्यात केमिकल भरून सळई रोवायची आणि तिच्या आधाराने नवा भाग जोडायचा.

इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. अशी सळई एका ओढीने सहसा निघत नाही. तिला सैल करतात ते रोजचे ट्रक. प्रत्येक चाकासरशी ती केसभर ताणली जाते आणि परत येते. छिद्रात धूळ उरली, तर केमिकल काँक्रीटला धरतच नाही, धुळीलाच चिकटते. मग दर फेरीला सळई थोडी कमी परत येते.

म्हणून छिद्र फुंकायचे, ब्रशने घासायचे, पुन्हा फुंकायचे. मी स्वतः हे इतरांना शिकवतो.

शेवटची बारा छिद्रे पाडून झाली आणि हवा फुंकणारा कॉम्प्रेसर बंद पडला. मला घाई होती.

"राहू द्या भाऊ, भरून टाका," म्हणालो आणि चहाला गेलो. परतलो तेव्हा बाराही सळया रोवलेल्या होत्या. मी सही केली.

तेव्हापासून त्या पुलावर दर वेळी गाडी थांबवून जोडावर भेग शोधायचो. कोणाला सांगितले नाही.

मागच्या महिन्यात भाऊ आजारी असल्याचे कळले. भेटायला गेलो आणि सगळे कबूल केले.

ते खोकला येईपर्यंत हसले.

"सायेब, तुमी चाय प्याले गेल्ते, तवा मी सायकलचा पंप आणला. बाराही भोकं घासून दोन-दोनदा फुकली."

"मग सांगितले का नाही?"

"तुमी इचारलंच नाई. मले वाटलं, शिकेल मानूस हाये, धुळीनं भरेल पंप दिसलाच असन."

तरीही मी रीतसर टेस्ट केली. जोडावर केसभर हालचालही काट्याने दाखवणारे डायल गेज लावून भरलेला ट्रक पुन्हा पुन्हा नेला. काटा हलायचा आणि दर वेळी शून्यावर यायचा.

टेस्ट कशी केली ते सांगायला भाऊंना फोन केला.

"काटा वापस आला न?"

"आला भाऊ. दर वेळी."

"मंग आता निवांत झोपत जा."

आज अंत्यविधीला त्याच पुलावरून गेलो. पुढे धानाचा ट्रक होता.

मी थांबलो नाही.

वामनभाऊ, निरोप घेतो. तुमच्या बाराही सळया जागेवर आहेत.