काटकसरीची फ्रेम

साठच्या दशकातल्या महागाईत सरकारला पैशांची चणचण भासली आणि हात पसरायला सरकारनं नेमका माझ्या बाबांसारखा गब्बर माणूस निवडला: अकोल्याच्या कचेरीतला कारकून. सगळ्यांनी बचतपत्रं घ्यावीत, असा साहेबांचा हुकूम आला. बाबांनी पतपेढीचं कर्ज काढून ती घेतली.

"सरकारले द्याले तुमी कर्ज काढून राहिले?" आई कडाडली. त्या दिवसापासून आमच्या चहातली साखर गेली, गूळ आला.

पुढे काटकसरीबद्दल बाबांना प्रशस्तिपत्र मिळालं. समारंभात साहेबांनी कर्जबाजारी लोकांना यथेच्छ झोडपलं. बाबांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी येताना प्रशस्तिपत्र उधारीवर फ्रेम करून आणलं.

फ्रेमवाला पैसे मागायला आला, की आई भिंतीकडे बोट दाखवायची, "वाचा ना भाऊ. ह्या घरात फालतू खर्च होत नाही."