मागच्या दाराचा दवाखाना

माझी थोरली नणंद सरकारी दवाखान्यात नर्स. तोंडाने फटकळ, हाताने हलकी. सुई टोचून झाली तरी माणूस डोळे घट्ट मिटून बसलेला असतो आणि ताई ओरडतात, "उठा आता, मुक्काम ठोकताय का?"

कारखाना बंद पडला आणि सगळ्यांचेच दिवस फिरले. कंपनीचा दवाखाना गेला. कर भरायला कुणाकडे काही उरलं नाही, तेव्हा सरकारी दवाखान्यालाही कात्री लागली. दुष्काळात तेरावा महिना! डॉक्टर एक दिवसाआड यायला लागले, सफाईवाली कमी केली, इमारतीच्या पुढच्या भागाला कुलूप लागलं. तिथे ताईंनी पाटी लावली: मागच्या दाराने यावे.

आता गर्दी लोटणार म्हणून त्या पदर खोचून बसल्या. तर बाकं रिकामी! "लोक एकाएकी धडधाकट झाले की काय गं?" मला विचारायच्या. मला आपलं बरंच वाटायचं, त्या वेळेवर घरी यायच्या.

एकदा आम्ही भाजी घेत होतो. समोरून शेजारचे फिटरमामा लंगडत आले. साखरेचा जुना आजार, पायाला मळकं फडकं, आणि त्याचा वास लांबूनच येत होता. ताईंचा चेहरा उतरला.

"मामा, हा पाय घेऊन घरी बसलात? दवाखाना काय परदेशात आहे?"

"आलो होतो की, सिस्टर. पाटी वाचून परत फिरलो. जन्मात कधी वशिला लावला नाही, आता म्हातारपणी मागच्या दाराने घुसू? कारखान्यातल्या आमच्या पाळीतले सगळे हेच म्हणाले. ज्यांची ओळख असेल ते जातील."

ताईंनी कपाळावर हात मारला. मग त्या कडाडल्या, "अहो, दार म्हणजे दार! लाकडाचं! कडी-कोयंड्याचं!" आणि मामांना हाताला धरून तशाच घेऊन निघाल्या.

डॉक्टरांचा यायचा दिवस होता म्हणून निभावलं. आत ते जखम साफ करत होते, ताई बॅटरी धरून उभ्या होत्या. मी बाहेर बाकावर. पाय कापणार, एवढंच माझ्या डोक्यात घोळत होतं. शेवटी डॉक्टरांचा आवाज आला, "थोडक्यात वाचलात. रोज ड्रेसिंगला या, पाय राहील."

मला हुश्श झालं, मी आत डोकावले. ताई मात्र भिंतीला टेकून चक्क रडायला लागल्या. "माझ्याच पाटीने घालवला असता हो तुमचा पाय."

मामाच त्यांची समजूत काढायला लागले. "रडू नका, सिस्टर. उद्या अख्खी पाळी घेऊन येतो. मागच्याच दाराने. पण रांगेत हं, कुणीही ओळखबिळख सांगायची नाही."